केमच्या तिपाईचा तिसरा पाय

नऊ वर्षांपूर्वी मी सोलापूरहून केमला दुर्बीण घेऊन गेलो होतो. परत आल्यावर त्या प्रवासाचे वर्णन एका मासिकात लिहिले. ते पुष्कळांना आवडले. शाळेच्या संमेलनात त्यातला सुताराचा भाग मला वाचून दाखवायला लावला, आणि मुले पोट धरधरून हसली.

त्या लेखात तीन गोष्टी खोट्या आहेत. पहिली क्षुल्लक आहे. दुसरीत माझे अज्ञान आहे. तिसरीने एका कारागिराचे नाव घालवले. तो कारागीर म्हणजे केमचा खंडू सुतार. मी आता पेन्शनीत आहे, आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. उजवा शाबूत आहे तोवर तोच प्रवास पुन्हा लिहितो, या खेपेस जसा झाला तसा.

सोलापूर, निघण्यापूर्वी

दुर्बीण मला बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात मिळाली. पितळेची नळी, पुढे वाटीएवढे भिंग, डोळ्याकडे बोराएवढे, खाली लाकडी तिपाई, आणि एक इंग्रजी पुस्तिका, जिची मधली पाने वाळवीने खाल्लेली. मी हायस्कुलात शास्त्र शिकवीत असे. ग्रहमाला दरवर्षी फळ्यावर काढीत असे. पण दुर्बिणीला डोळा लावण्याची ती पहिलीच वेळ.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या गच्चीवरून मी ती प्रथम गिरणीच्या चिमणीकडे वळवली. काहीच दिसेना. डोळ्याकडची नळी आत सारली, बाहेर ओढली, पुढच्या भिंगावरचे झाकण काढायचे राहिले होते ते काढले, तेव्हा कुठे चिमणी दिसली. पण खाली डोके वर पाय अशी. धूर विहिरीत ओतावा तसा खाली चालला होता. मी भिंग काढून उलटे बसवले. मग चिमणीही नाहीशी झाली. पुन्हा पूर्ववत केले. उरलेल्या पानांत एक वाक्य सापडले: आकाशातल्या वस्तूंना वर-खाली नसते, म्हणून प्रतिमा उलटी दिसली तरी निरीक्षकाने काळजी करू नये. मी काळजी सोडली. वाक्यही विसरलो. वाचकांनी मात्र ते ध्यानात ठेवावे.

शहरात धुरापायी तारे मळकट दिसत. माझी धाकटी बहीण यमू केमला दिली आहे. तिचे यजमान विनायकराव तिथल्या शाळेत हेडमास्तर होते. एकोणतीस सालची नाताळची सुट्टी, चंद्र पहाटे उगवणारा, गुरू संध्याकाळी रोहिणीच्या शेजारी. याहून चांगला योग कोणता?

केम, पहिला दिवस

मासिकात मी लिहिले आहे की, केम स्टेशनवर हमालाने तिपाई पाडली आणि तिचा एक पाय मोडला. ही पहिली खोटी गोष्ट. हमाल माझ्यापासून चार डबे लांब होता. गाडी फार थांबत नाही या धास्तीने मीच तिपाई खिडकीतून बाहेर लोटली. ती फलाटाच्या कडेवर आपटली आणि पाय बिजागरीपासून तुटून रुळाखालच्या खडीत गेला.

यमू दारातच म्हणाली, "दादा, तू आलास की काहीतरी मोडतंच. मागच्या खेपेस रहाटाची कडी."

"रहाट जुना होता."

"तुझ्या हाताला लागलं ते सगळं जुनंच असतं."

केम हे कुंकवाचे गाव. हळकुंडांपासून कुंकू करणारी घरे आहेत, आणि त्यांच्या अंगणात चटया पसरलेल्या असतात. वारा सुटला की भिंती, शेळ्या, माणसांची धोतरे सगळे तांबूस होते. सोलापुरात आमच्या अंगावर गिरणीची काजळी बसते, इथे कुंकू. विनायकरावांनी मला त्या आळीतूनच खंडू सुताराकडे नेले.

खंडू माझ्याच वयाचा, वाळका, कानामागे पेन्सिलीचा तुकडा खोवलेला. त्याने तुटका पाय हातात घेतला, नखाने टोकरला.

"सांधून चालंल की," तो म्हणाला, "पर लंगडं ते लंगडंच. नवा करतो."

"उद्या संध्याकाळपर्यंत पाहिजे. गुरू पाहायचा आहे."

"गुरू का? मग वाळल्यालं लाकूड पायजे. बाभळ हाय, पर ती वली हाय." त्याने छपराच्या कोपऱ्यात पाहिले. तिथे सागाचा एक लांबलचक ओंडका विटांवर आडवा ठेवला होता. तो जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. करतो."

मी तिकडे लक्ष दिले नाही. त्या ओंडक्याकडे त्याने का पाहिले, एवढे विचारले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

दुसरा दिवस

सकाळी विनायकरावांच्या एका विद्यार्थ्याच्या मळ्यात हुरडा खाल्ला. गोवऱ्यांच्या आरात कणसे भाजून गरमागरम हातावर चोळायची आणि फुंकर मारून भूस उडवायचे. मी इतक्या जोरात फुंकर मारी की दाणेही उडून जात. शेंगांची चटणी घरच्यासारखीच होती, पण तिखटाने डोळे असे वाहू लागले की आजच्या निरीक्षणाचे काय होणार ही चिंता पडली.

संध्याकाळी तिपाई तयार झाली. जुने दोन पाय काळपट, नवा तिसरा पिवळसर, तेल दिलेला. महादेवाच्या देवळापुढच्या पटांगणात मी ती मांडली. दोन जुने पाय पूर्वेकडे, नवा मागे. तीस-चाळीस माणसे जमली. पाटील खाटेवर बसले. देवळाला नवी चौकट बसवायची होती. ते काम पाटलांनी खंडूला सांगितले होते, आणि गावात त्याहून मानाचे लाकूडकाम दुसरे नव्हते. हे मला विनायकरावांनी तिथेच कानात सांगितले. मी "हो का," म्हणालो आणि नळी फिरवीत राहिलो.

गुरू डोळ्यांना ढळढळीत दिसत होता, नळीत मात्र सापडत नव्हता. एकदा वाटले सापडला. ते माझ्याच पापणीचे केस होते. अखेर फिकट, भाकरीएवढा गोल दिसला. भिंग आत सारले तशी भाकरी पुरीएवढी झाली, पुरीचा वाटाणा झाला, आणि वाटाण्याच्या दोहों बाजूंना एका ओळीत चार ठिपके लखलखले. गुरूचे चंद्र! वीस वर्षे मी ते फळ्यावर काढीत होतो.

"पाटील, या! लवकर या!"

पाटील उठून येईपर्यंत नळी रिकामी.

"काळंच हाय की," पाटील म्हणाले.

मी पुन्हा लावली. या वेळी देवळाचे गुरव आले. त्यांनाही काळेच. तिसऱ्या वेळी मी स्वतः डोळा न काढता पाहत राहिलो. गुरू खाली खाली सरकत, दोन-तीन मिनिटांत कडेखाली बुडून गेला.

"मास्तर," मागून कोणी म्हणाले, "तुमचा गुरू पाटलाला बघून पळतोय."

लोक हसले. मला हसू आले नाही.

तिसरा दिवस

रात्रभर मी त्यावर विचार केला. वस्तू नळीत खाली जाते, म्हणजे नळीचे तोंड वर उचलले जात आहे. तोंड उचलले जाते, म्हणजे मागचा पाय खाली बसत आहे. मागचा पाय तोच, खंडूने केलेला. इतके स्वच्छ अनुमान मी आयुष्यात काढले नव्हते. तोच आनंद आणि तोच राग घेऊन मी संध्याकाळी पटांगणात गेलो. गुरू लावला. तो पुन्हा बुडाला. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "खंडू, तू पायाला कच्चे लाकूड घातलेस. ते भाराने वाकते आहे."

खंडू गर्दीत पुढेच उभा होता. नळीत बघायला म्हणून हातपाय धुऊन आला होता.

"न्हाय मास्तर. तीन वरसं वाळल्यालं हाय ते."

"मग गुरू का सरकतो?"

"ते मला काय म्हाईत? पर माजी घोडी हालत न्हाय." तिपाईला तो घोडी म्हणे.

पाटलांनी विचारले, "मास्तर, एवढ्या खात्रीनं म्हणताय?"

"हे शास्त्र आहे, पाटील," मी म्हणालो.

खंडू घरी गेला आणि ओळंबा घेऊन आला. दोरीला टांगलेला तो लोखंडी गोळा त्याने तिपाईच्या माथ्याच्या मधोमध बांधला. शेजारच्या बाईकडून चिमूटभर कुंकू मागून घेतले आणि गोळ्याच्या टोकाखाली सपाट फरशीवर बारीक ठिपका दिला.

"आता लावा तुमचं चांदणं. पाय बसला तर वळंबा ठिपक्यावरनं हालंल."

मी गुरू लावला. सगळे खाली वाकून ठिपका बघत होते, मी वर नळीत. गुरू सरकू लागला.

"सरकला!" मी ओरडलो.

"वळंबा ठिपक्यावरच हाय," खंडू म्हणाला. "बघा की समदी. घोडी जागची हालली न्हाय. तुमचं चांदणंच चाललंय, मास्तर."

ओळंबा ठिपक्यावरून हललेला नव्हता. हे आज लिहितो; त्या वेळी मनाशीही कबूल केले नाही. तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात हे मला ठाऊक होतेच, पण ते तासातासाने; डोळ्यांदेखत दोन मिनिटांत तारा चालतो, ही मला अडाण्याची कल्पना वाटली. शिवाय तो वर चढायला हवा, हा तर खाली जात होता. मी म्हणालो, "ओळंब्याला कळत नाही इतकी बारीक हालचाल दुर्बिणीला कळते. चांदणे चालते म्हणे! उद्या म्हणशील देऊळ चालते."

लोक पुन्हा हसले. या वेळी खंडूला. पाटील एकदा ठिपक्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. त्यांना काही कळेना, आणि ज्याला काही कळत नाही तो शिकलेल्याचे ऐकतो. खंडूने दोरी सोडली, गोळ्याभोवती गुंडाळली आणि तो निघून गेला. दुर्बिणीला त्याने डोळा लावलाच नाही.

मासिकात मी हा प्रसंग दोन पाने रंगवला. 'आपले कच्चे लाकूड झाकण्यासाठी आकाश चालवणारा सुतार' हे माझे शब्द आहेत. पाय वाकला म्हणून गुरू सरकला, ही दुसरी खोटी गोष्ट; लाकूड कच्चे होते आणि सुतार ते झाकत होता, ही तिसरी.

शुक्रवार पेठ

परतल्यावर लेख पाठवला, आणि आठवड्याने गच्चीवर दुर्बीण काढली. या वेळी खंडूची तिपाई नको म्हणून नळी दगडी कठड्यावर ठेवली, दोन्ही बाजूंनी विटा रचल्या, वरून वाळूची पिशवी दाबली. गुरू लावला.

तो सरकला आणि कडेखाली बुडाला.

मी विटा तपासल्या. कठडा तपासला. वेड्यासारखा गच्चीवर पाय आपटून पाहिले. पुन्हा लावला, पुन्हा बुडाला, तेवढ्याच वेळात. गिरणीचा भोंगा झाला आणि मला एकाएकी उमगले. पृथ्वी फिरते. मी दरवर्षी इंग्रजी चौथीच्या वर्गात लिंबाला सुई टोचून ती फिरवून दाखवतो. दुर्बीण वस्तू चाळीस पट मोठी करते, म्हणजे तिचे चालणेही चाळीस पट मोठे करते. आणि नळीत सगळे उलटे दिसते, म्हणून वर चढणारा गुरू मला खाली जाताना दिसला. पुस्तिकेतले ते वाक्य! खंडूचा ओळंबा बरोबर होता. तारा चालतो असे तो म्हणाला, आणि चालताना मी तो पाहिलाही होता.

लेख छापायला गेला नव्हता. एक पोस्टकार्ड पुरले असते. मी ते लिहिले, आणि फाडले. शास्त्राच्या मास्तराला पृथ्वीची गती ओळखता आली नाही, हे विद्यार्थ्यांना कळले तर? मग लेख आला, कौतुक झाले, आणि मग फार उशीर झाला असे मी स्वतःला सांगू लागलो. पुढे यमूचे पत्र आले: "तुझा लेख चावडीवर वाचला. देवळाच्या चौकटीचे काम पाटलांनी करमाळ्याच्या सुताराला दिले. खंडूला लोक 'कच्चा' म्हणतात." मी उत्तरात भाच्यांची खुशाली विचारली.

नऊ वर्षे मी केमला गेलो नाही. दरवर्षी काही ना काही कारण निघे.

पुन्हा केम

गेल्या नाताळात गेलो. तिपाई या वेळी मांडीवर घेऊन बसलो.

यमू म्हणाली, "खंडू आमच्या उंबऱ्यात येत नाही. चौरंग मोडला तरी जेऊरहून माणूस आणावा लागतो. तू केलंस काय होतं रे नेमकं?"

मी सांगितले. ती पोळपाटावर हात तसाच ठेवून ऐकत होती.

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं? त्याच आठवड्यात?"

"हो."

"आणि मी पत्र लिहिलं तेव्हा?"

"तेव्हाही."

"जा त्याच्याकडे," ती म्हणाली. "जेवण मग."

खंडू छपरात नांगराचे रुमणे तासत होता. केस पांढरे झाले होते. मी उभाच राहिलो. त्याने बस म्हटले नाही. या वेळी माझ्या तोंडून 'तुम्ही' आले. बोललो ते सगळे एका दमात. तासणी थांबली नाही.

मी गप्प झाल्यावर तो म्हणाला, "मला सांगून काय? मला तवाच म्हाईत हुतं."

"मी तुमची माफी—"

"त्या लाकडाकडं बघा."

कोपऱ्यात तोच सागाचा ओंडका विटांवर आडवा होता. वर कोंबड्या बसत असाव्यात. एका टोकाला तिपाईच्या पायाएवढी लांब फळी करवतीने काढून घेतलेली दिसत होती.

"देवळाच्या चौकटीचं हाय ते. तीन वरसं वाळीवलं हुतं. तुमची घाई, गावात दुसरं वाळल्यालं लाकूड न्हाय, म्हनून त्यातलं कापलं. देवाच्यातलं. मनाला लागलं, पर म्हनलं गुरू बघायचाय, देवाचंच काम. आन् त्येलाच तुमी कच्चं म्हनला." त्याने तासणी खाली ठेवली. "नंतर कुटं घालायचं ते? कच्च्या सुताराचं लाकूड कोन घेतंय?"

त्याने माझ्या हातातली तिपाई घेतली, तिसऱ्या पायावरून अंगठा फिरवला, एक डोळा मिटून लांबीवर नजर टाकली.

"सरळ हाय," तो म्हणाला. "सांजच्याला पटांगणात सांगा. जिथं बोलला तिथं."

संध्याकाळी पाटील खाटेवरच होते, पण त्यांना आता कमी ऐकू येते. माझी चूक मला ओरडून सांगावी लागली. दोनदा. पहिल्यांदा त्यांना वाटले मी नवा सुतार मागतो आहे.

"कोन कच्चा?" ते म्हणाले.

"मी! मी कच्चा, पाटील! खंडूचे लाकूड चांगले होते! मी खोटे बोललो आणि खोटे छापले!"

पटांगणात हसू फुटले. तरुण मंडळींना मूळ प्रकारच ठाऊक नव्हता. 'कच्चा' हे त्यांना खंडूचे आडनावच वाटत असे. एकाने विचारलेसुद्धा, "मंग चौकट कुनी केली?" त्यावर सगळ्यांनी देवळाच्या दाराकडे पाहिले. करमाळ्याच्या सुताराची चौकट चांगलीच होती. ती वाकली असती तर माझे काम सोपे झाले असते. ती वाकली नव्हती.

गुरू आता रोहिणीपाशी नव्हता, म्हणून मी रोहिणीच लावली. खंडूने आपण होऊन ओळंबा बांधला, कुंकवाचा ठिपका दिला. पाटलांनी वाकून ठिपका पाहिला, नळीत तारा पाहिला, पुन्हा ठिपका पाहिला.

"हितं उभंच हाय," ते मोठ्याने म्हणाले, "आन् तितं चाललंय. मंजी खंडूचंच खरं."

मग मी खंडूला पुढे बोलावले. त्याने हात धोतराला पुसले आणि डोळा लावला. मी पुन्हा नेम धरू का म्हणालो, तर त्याने हातानेच थांबवले. लाल ठिणगी कडेला जाऊन विझेपर्यंत तो पाहत राहिला.

"गेलं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आता तुमीच सांगा मास्तर. कोन हाललं? चांदणं का घोडी?"

खोटे बोलायचे नाही असे ठरवून गेलो होतो, म्हणून पंचाईत झाली. "खरे म्हणाल तर चांदणे नाही," मी म्हणालो. "पृथ्वी फिरते. तिच्याबरोबर आपण, देऊळ, सगळेच."

"मंजी घोडीबी हालली म्हना की!"

पुन्हा हशा. नऊ वर्षांनी येऊन मी तोच आरोप केला की काय, असे मला क्षणभर वाटले.

"हलली," मी म्हणालो. "पण पृथ्वीमुळे. तुमच्या लाकडामुळे नाही."

खंडूने ओळंब्याची दोरी गोळ्याभोवती गुंडाळली.

"मग तेवढंच लिवा," तो म्हणाला. "दुसरं काय बी नगं. माजं लाकूड कसं हुतं, तेवढं लिवा."

त्याने सांगितले त्यापेक्षा मी पुष्कळच जास्त लिहिले. एवढ्यासाठी लिहिले: लाकूड वाळलेले होते.